माळवदावरची माती

औशाच्या आमच्या घरात, लोखंडी कपाटात, सातबाऱ्यांच्या उताऱ्यांखाली एक पाकीट आहे. तिकीट एकच, शिक्के मात्र जागा मिळेल तिथं. आलंय टोंगातल्या नियुआफोऊ बेटावरून.

त्या बेटाला बंदर नाही. बोट लांबच थांबायची. टपाल बिस्किटांच्या डब्यात घालून, डाख देऊन समुद्रात सोडायची आणि बेटावरचे पट्टीचे पोहणारे डबा ओढत आणायचे. 1931 साली एकाला शार्कनं धरलं, मग पोहणं बंद झालं, होड्या आल्या. क्वेन्सेल नावाच्या जर्मन व्यापाऱ्यानं या नवलाईचा धंदा केला, नाना भाषांतले रबरी शिक्के करवले. माझं पाकीट त्यातलंच. निकड कमी, हौस जास्त. असू दे, हौसच तर माझीही.

"दुसऱ्याची पत्रं कशाला जमवायलाव?" बायको विचारते.

शिक्क्यांत मराठी आहे का, भिंग लावून पाहिलं. नाही. 1871च्या निजामाच्या तिकिटावर मात्र उर्दू, इंग्रजी, तेलुगूबरोबर मराठीही होती. पण ते तिकीट संस्थानापुरतंच. औशाहून सोलापूरला कागद धाडायचा तर इंग्रजांचं तिकीट लागायचं. चौफेर काळी जमीन, तरी आम्ही बेटावरच.

1946च्या सप्टेंबरात नियुआफोऊचा ज्वालामुखी फुटला. डिसेंबरात सगळं बेट रिकामं केलं. माणसं पुढं एउआ बेटावर वसली आणि नव्या वस्त्यांना त्यांनी जुन्याच गावांची नावं दिली. हे वाचलं आणि भिंग खाली ठेवलं. आमच्याच तालुक्यातली किल्लारी. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपाची पहाट, दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. गाव दुसरीकडं वसलं, नाव तेच राहिलं.

किल्लारीच्या मावशीचं एक कार्ड मी आता त्या पाकिटाशेजारी ठेवलंय. पंधरा पैशांचं, संग्राहकाच्या लेखी कवडीमोल. लातूर जिल्हा होऊन अकरा वर्षं होत आली होती, तरी तिनं आधी उस्मानाबाद लिहून मग खोडलंय. शिक्का पुसट, जून 1993चा. अक्षर मोठं, ओळी उतरत गेलेल्या. पेरणी झाली. म्हैस गाभण आहे. पावसाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून घेतली, आता गळायचं नाही. गणपतीला या.