आधी बोट, मग गाडी

वॉशिंग्टनहून बोस्टनला निघालेली ॲमट्रॅकची गाडी बाल्टिमोर मागे टाकते, पुढे काही वेळाने झाडी संपते आणि खिडकीबाहेर एकदम नुसतं पाणी दिसू लागतं. ही सस्क्वेहाना नदी. तिच्यावरचा पूल सव्वा किलोमीटर लांब, १९०६ सालचा, पेन्सिल्वेनिया रेलरोडने बांधलेला. शेजारीच अलीकडेपर्यंत पाण्यातून दगडी खांबांची एक रांग वर आलेली दिसायची. खांबांवर काहीच नसायचं. ते त्याआधीच्या पुलाचे. रेल्वेने नवा पूल बांधल्यावर जुना मोटारींना मिळाला आणि दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी मोडला गेला.

त्याही आधी इथे पूल नव्हता. उतारू गाडीतून उतरायचे, फेरीबोटीने नदी ओलांडायचे आणि पलीकडे दुसरी गाडी पकडायचे. १८५२ च्या हिवाळ्यात नदी इतकी गोठली की बोट चालेना, तेव्हा कंपनीने चक्क बर्फावर रूळ टाकले. इंजिन न्यायची हिंमत कोणी केली नाही. रुळांना लागून वाट केली, त्या वाटेवरून घोड्यांच्या घसरगाड्या डबे ओढत. थंडी ओसरेपर्यंत असे १,३७८ डबे पार झाले.

याच फेरीबोटीवर सप्टेंबर १८३८ मध्ये एक तरुण जीव मुठीत धरून उभा होता. खलाशाचा वेश, खिशात दुसऱ्याची कागदपत्रं. बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसाने ‘कुठे चाललास, परत कधी येणार’ अशी सरबत्ती सुरू केली, तेव्हा तो हळूच तिथून सटकला. हा फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून पळालेला आणि पुढे तिच्याविरुद्ध देशभर बोललेला. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांच्या गुलाममुक्तीच्या लढ्याची ही वाट. आता याच सस्क्वेहानावर दोन-दोन रुळांचे दोन नवे पूल होणार आहेत, तेही न उघडणारे, खालून बोटी जातील एवढे उंच. सध्याच्या पुलाचा मधला भाग बोटीसाठी आडवा फिरवावा लागतो.

मुळात गंमत इथेच आहे. वॉशिंग्टन ते बोस्टन हा सुमारे ७३५ किलोमीटरचा मार्ग अमेरिकेतला प्रवासी रेल्वेचा सर्वांत गजबजलेला मार्ग, पण किनाऱ्याने जाताना तो नद्या आणि खाड्यांची मुखं ओलांडतो. अमेरिकी कायद्यात जलमार्गाचा मान मोठा. शतकापूर्वी नद्यांतून मालाची खूप ये-जा होती, म्हणून रेल्वे कंपन्यांनी बुटके, फिरणारे किंवा उचलले जाणारे पूल बांधले. पुढे माल रस्त्याने जाऊ लागला, बोटी घटल्या, गाड्या वाढल्या. पूल तेच राहिले. मार्गाची तेव्हाची मालक पेन सेंट्रल ही कंपनी १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १९७६ मध्ये या मार्गाचा बहुतेक भाग सरकारी ॲमट्रॅककडे आला, तो या म्हाताऱ्या पुलांसकट. जो बायडन सिनेटर असताना विल्मिंग्टन ते वॉशिंग्टन ये-जा याच मार्गाने करत. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्याच सहीने ॲमट्रॅकला २२ अब्ज डॉलर मिळाले, तेव्हा कुठे पुलांच्या कामाला जोर आला.

गाडी न्यू जर्सीत शिरते. एडिसन, मेट्रोपार्क या स्थानकांवरून रोज न्यूयॉर्कला नोकरीला जाणाऱ्या चाकरमान्यांत मराठी माणसं कमी नाहीत, आणि पोर्टल पूल हे नाव त्यांना चांगलंच ठाऊक आहे. हॅकेन्सॅक नदीवरचा हा पूल १९१० चा. त्यापूर्वी पेन्सिल्वेनिया रेलरोडचे उतारू जर्सी सिटीला उतरून बोटीने हडसन ओलांडत. कंपनीचे अध्यक्ष अलेक्झांडर कॅसट यांनी नदीखालून बोगदे आणि मॅनहॅटनमध्ये भव्य पेन स्टेशन उभारायचं ठरवलं. ते पुरं होण्याआधीच, १९०६ मध्ये, त्यांचं निधन झालं. त्या योजनेतली राजेशाही इमारत १९६३ पासून पाडली गेली. हा कळकट पूल मात्र टिकला.

भरतीच्या पाण्यापासून तो जेमतेम २३ फूट उंच. टग बोट आली की रुळांची टोकं वर उचलली जातात, मधला भाग खांबावर आडवा फिरतो, बोट जाते, पूल जागेवर येतो आणि टोकं पुन्हा खाली बसतात. निदान बसायला हवीत. ती बसली नाहीत तर सिग्नल लालच राहतो आणि कामगार घण घेऊन पुलावर जातात. घणाचे घाव घालून रूळ जागेवर बसवायचा, एकविसाव्या शतकात, न्यूयॉर्कच्या वेशीवर! तोवर मागे गाड्यांची रांग लागलेली. या पुलावरून दिवसाला साडेचारशे गाड्या आणि सुमारे दोन लाख माणसं जात आली आहेत. १९९६ मध्ये असाच नीट न बसलेला रूळ एका गाडीला भोवला. ती घसरली, माणसं जखमी झाली, सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही.

नव्या पुलाला २००८ मध्येच पर्यावरणाची मंजुरी मिळाली होती. केंद्राच्या पैशाचा करार व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं, काम सुरू झालं ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे बांधायला लागेल त्याहून जास्त काळ फाइलीत गेला. त्याच्या चारशे-चारशे फुटी तीन पोलादी कमानी ऑल्बनीजवळच्या कोमन्स बंदरात जोडून तराफ्यांवरून हडसनमधून खाली आणल्या. हा पूल पाण्यापासून ५० फूट उंच आहे आणि उघडायची भानगडच नाही. गाड्यांचा वेगही ताशी ९७ किलोमीटरवरून १४५ वर जाईल.

न्यूयॉर्कनंतर गाडी कनेटिकटमध्ये येते. नॉरवॉकला मात्र नवा पूलही हलणाराच आहे. इथला १८९६ चा चार रुळांचा फिरता पूल २०१४ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोनदा अडकला. इथल्याच नदीवर ६ मे १८५३ रोजी त्या काळच्या पुलाशी अमेरिकेतला पहिला मोठा रेल्वेपूल अपघात झाला. तेव्हाची खूण आजच्या उलट होती. खांबावर लाल गोळा चढलेला दिसला तर पूल बंद आहे, खुशाल या. गोळा नसेल तर थांबा. त्या सकाळी आगबोट जाण्यासाठी पूल उघडला होता, गोळा खाली होता आणि चालकाने तिकडे पाहिलंच नाही. गाडी उघड्या जागेतून नदीत कोसळली. चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यांत न्यूयॉर्कमधल्या वैद्यकीय परिषदेहून परतणारे डॉक्टर होते. चालक आणि फायरमन उडी मारून वाचले.

नव्या बांधणीत त्या जागी दोन स्वतंत्र पूल उभे राहत आहेत, लिफ्टसारखे सरळ वर जाणारे, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा चालू राहील. खर्च अब्ज डॉलरच्या घरात. वर्षाकाठी मोजक्या बोटींसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. पण काठावर घरं, बाजार आणि रुळांना चिकटून स्थानकं असल्यावर पूल पन्नास फूट उचलायचा तर चढ सुरू कुठून करायचा?

ओल्ड सेब्रुकजवळ कनेटिकट नदीच्या मुखाशी १९०७ चा पूल आहे. तो फिरत नाही, एका टोकाने वर उचलला जातो, आणि उन्हाळ्यात हौशी शिडाच्या बोटींसाठी तो सतत वरखाली होत असतो. तिथेही नवा पूल उचलता येणाराच, फक्त थोडा उंच आणि वेगवान. गाड्या ताशी ७२ ऐवजी ११२ किलोमीटरने जातील.

या मार्गाने बोस्टनला जाणाऱ्यांनी उजव्या हाताची खिडकी धरावी. न्यू हेवननंतर समुद्र त्याच बाजूला दिसतो आणि कनेटिकट नदीवरचा नवा पूलही जुन्याच्या दक्षिणेला, म्हणजे त्याच हाताला बांधला जातोय.