मांडूच्या माथ्यावरून नर्मदा

माळव्यातील मराठी माणसास मांडू परके नाही. अठराव्या शतकात धारला पवारांचे राज्य स्थिरावले आणि हा ओसाड पडलेला दुर्ग त्यांच्या मुलखात आला. तेव्हापासून धार-देवास-इंदूरकडील मराठी घरांचे मांडूस येणेजाणे आहे. इंदूरहून धारमार्गे वाट सुमारे शंभर किलोमीटरची. श्रावणात दऱ्यांतून ढग वर चढू लागले की सहलींची एकच गर्दी उसळते. आम्हीही विद्यार्थ्यांना घेऊन अनेक पावसाळ्यांत हा गड पाहिला आहे. या वेळी मात्र दिवाळी उलटल्यावर, आकाश निरभ्र असताना, केवळ सौभाग्यवतींना सोबत घेऊन गेलो. पावसाळ्यातील धुक्यात जे दिसत नाही ते पाहावयाचे होते, आणि ते आपल्याला कितपत दिसते, हेही पाहावयाचे होते.

कारण असे की, मधुमेह गेली बारा वर्षे आमच्या घरी मुक्कामास आहे. त्याच्याशी आमचे बरे जमले होते. परंतु गेल्या चैत्रात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. वर्गाच्या दाराशी उभे राहिले असता फळ्यावरची अक्षरे एका आठवड्यात स्वच्छ दिसत, तर दुसऱ्या आठवड्यात जणू कोणी ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत तशी धुरकट. चष्म्याच्या दुकानात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा नंबर तपासला. दोन्ही वेळा निराळा निघाला. दुकानदारही बुचकळ्यात पडला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, काच करायला टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नंबर असा दर पंधरवड्याला घर बदलत नसतो.”

नेत्रतज्ज्ञांनी उलगडा केला तो वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रक्तातील साखर वाढली की डोळ्यातील नैसर्गिक भिंग पाणी धरून फुगते, त्याचा बाक बदलतो आणि चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर उतरली की भिंग पूर्ववत होते, पण त्यास काही आठवडे लागू शकतात. म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये. येथवर आम्ही निश्चिंत झालो होतो. परंतु डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या रुंदावल्यावर आतला पडदा तपासला, आणि उजव्या डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके व किंचित सूज आढळल्याचे सांगितले. ही सूज अद्याप नजरेच्या केंद्रापाशी पोचलेली नाही. साखर आणि रक्तदाब सांभाळून तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहावयाचे ठरले. या पडद्याच्या विकाराने तोवर आम्हांस काडीचाही त्रास दिला नव्हता. जे जाणवत होते ते जाणारे होते. आणि जे राहणारे होते ते मुळी जाणवतच नव्हते.

हे मनात घेऊनच आम्ही मांडूच्या वेशीत शिरलो. एकेकाळी माळव्याच्या सुलतानांनी यास शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी, असे नाव दिले होते. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध जहाज महाल उभा आहे. लांबी सुमारे 120 मीटर. दोन्ही बाजूंस पाणी भरले की नांगर टाकलेल्या गलबतासारखा भासतो. सामान्यतः तो गियासुद्दीन खिलजीच्या काळातील, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, मानतात. गच्चीवर लख्ख ऊन होते. तेथून खालच्या दालनात उतरताना आमची पंचाईत झाली. पूर्वी उजेडातून अंधारात आल्यावर क्षणभरात दिसू लागे. आता बराच वेळ सारे काळेभोर राहते. डॉक्टरांनी सांगितले होते की मधुमेहात अंधाराला सरावण्यास डोळ्यांना अधिक वेळ लागू शकतो. म्हणून उंबऱ्याशी थांबावे, मनात वीस अंक मोजावे आणि मगच पाऊल टाकावे, असा आम्ही नेम केला आहे. मागून येणारी तरुण मंडळी खोळंबली. सौभाग्यवतींनी त्यांना हसून वाट दिली आणि आमचा हात धरला. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत आमचा हात धरल्याचे आम्हांस स्मरत नाही.

शेजारीच हिंडोला महाल आहे. याच्या बाहेरील भिंती पायथ्याशी जाड आणि वर निमुळत्या, चांगल्याच कललेल्या आहेत. म्हणूनच तो झोके घेत असल्याचा भास होतो. येथे एक गंमत झाली. डॉक्टरांनी आम्हांस घरी करावयाची परीक्षा शिकवली आहे. एक डोळा झाकावा आणि दुसऱ्याने चौकटीची सरळ रेघ पाहावी. मग डोळे बदलावेत. रेघ वाकडी किंवा लाटेसारखी दिसू लागली तर विलंब न लावता दाखवावयास जावे. सवयीने आम्ही येथेही डोळा झाकला, आणि भिंत तिरपी पाहून काळजात चर्र झाले! मग दुसरा डोळा झाकला. भिंत तितकीच तिरपी. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ती मलाही तिरपीच दिसते आहे.” परीक्षेसाठी मांडूतील ही एकच इमारत निवडू नये, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीपाशी दाराच्या चौकटीवर एक लेख आहे. शाहजहानच्या पदरचे शिल्पकार 1659 साली येथे येऊन गेल्याची नोंद त्यात आहे. आत जाळीतून गाळून येणारा उजेड इतका मंद की तेथे आम्ही पाहण्यापेक्षा थंडगार दगडावर तळवा टेकूनच अधिक समाधान पावलो.

मध्यान्ह झाली तेव्हा रेवाकुंडाशी पोचलो. वरच्या कड्यावर रूपमतीचा मंडप दिसत होता. मुळात ही सैन्याची टेहळणीची जागा. आख्यायिका अशी की, राणी रूपमती येथून नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून अन्न घेत नसे. 1561 साली अकबराच्या सेनेने बाजबहादुराचा पराभव केला आणि ती प्रेमकथा संपली; पण सांगणाऱ्यांनी ती आजवर जिवंत ठेवली आहे. राणीचे व्रत थोर खरे, पण गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यास ते परवडणारे नाही. जेवण लांबले आणि साखर एकाएकी उतरली की डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय कापतात. म्हणून कुंडाच्या काठी बसून आम्ही आधी दशम्या आणि चटणी खाल्ली. खिशात साखरेची पुडी आहे ना, ते चाचपले, आणि मगच चढ चढू लागलो.

मंडपात वारा भरारत होता. खाली तीन-साडेतीनशे मीटरांवर निमाडचे मैदान पसरलेले. तेथील वाटाड्याने बोट दाखवले, “वो रही नर्मदा मैया!” आम्ही पाहिले. दूर, क्षितिजाच्या अलीकडे, चांदीच्या तारेसारखी एक रेघ. मग डावा डोळा झाकला. रेघ वाकडी झाली नाही. पण उरलीच नाही. मैदान होते, धुरकट निळाई होती, नदी मात्र नव्हती. पुन्हा उजवा झाकला. नदी परत आली. दोन्ही डोळे उघडे असते तर हा फरक आम्हांस कधी कळलाच नसता. चांगला डोळा दुसऱ्याची उणीव निमूटपणे भरून काढत होता.

“दिसली का?” सौभाग्यवतींनी विचारले. “एका डोळ्यास दिसली,” आम्ही म्हणालो. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर नदीचे वळण कोठे आहे, ऊन कोठे चमकते आहे, हे त्या सावकाश सांगू लागल्या, आणि आम्ही ऐकत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी इंदुरात डॉक्टरांकडे गेलो. ठरलेल्या तारखेची वाट पाहिली नाही. सूज केंद्राच्या दिशेने सरकली आहे. आता डोळ्यात इंजेक्शने घ्यावयाची आहेत. पहिले येत्या सोमवारी. नजर टिकण्याची, किंबहुना काही प्रमाणात सुधारण्याचीही, आशा डॉक्टरांना आहे. संध्याकाळच्या अंधुकपणाचे कारण मात्र ते अद्याप खात्रीने सांगू शकत नाहीत. तेवढे कोडे घेऊन आम्ही शाळेत जातो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना शिपायाकडून पांढरा रंग लावून घेतला आहे. त्याचा लाभ मुलांनाही होतो.

वाचकहो, आपल्या घरी मधुमेह असेल तर दिसते आहे म्हणून स्वस्थ राहू नये. वर्षातून एकदा तरी थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. त्या दिवशी काही तास उजेड सोसत नाही आणि वाचता येत नाही, म्हणून सोबत कोणास तरी न्यावे. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके नाचू लागले, विजा चमकल्यासारखे वाटले किंवा पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी जावे. आणि कार्तिकात सवड मिळाली तर मांडूस अवश्य जावे. रूपमतीच्या मंडपात एकेक डोळा झाकून नर्मदा पाहावी. घरातील सर्वांनी पाहावी.