डागडुजी की नवी बांधणी?

हॉकी म्हटले की आपल्यापैकी बहुतेक पालकांना ध्यानचंद आठवतात. आमच्या घरात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि संघ एकच, आपल्या गावचा सॅन होजे शार्क्स. मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या दप्तरावर तो शार्क मी वर्गात पाहिला आहे. म्हणून यंदा लेख मागितल्यावर हाच विषय घेतला.

४ नोव्हेंबर २०२३ हा शनिवार होता. आमच्या चिरंजीवांना (वय वर्षे नऊ) घेऊन मी सामन्याला गेलो. दोनच दिवसांपूर्वी व्हँकुव्हरने आपल्याला १०-१ असे धुतले होते. "असं रोज थोडंच होतं?" असे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो. त्या दिवशी पिट्सबर्गने १०-२ असे हरवले! हंगामातला तो सलग अकरावा पराभव. जखमेवर मीठ म्हणजे पिट्सबर्गकडून एरिक कार्लसन खेळत होता. आदल्याच हंगामात त्याने शार्क्ससाठी १०१ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूचे नॉरिस पारितोषिक जिंकले होते, आणि ऑगस्टमध्ये आपणच त्याला देऊन टाकले होते.

परतताना गाडीत बराच वेळ शांतता होती. मग मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, आपण मुद्दाम हरतोय का?"

या प्रश्नाचे उत्तर देताना मला घाम फुटला. थोडे मागे जाऊन सांगतो.

शार्क्स २०१६ मध्ये स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत पोचले आणि पिट्सबर्गकडून हरले. त्यानंतर 'या वर्षी नाही तर कधीच नाही' असे म्हणून संघाने सारे पणाला लावले. २०१८ मध्ये कार्लसनला आणले, २०१९ मध्ये वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार केला. त्याच्या बदल्यात जे दिले त्यात २०२० च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडही होती. पुढे संघ घसरला आणि ती निवड एकदम तिसऱ्या क्रमांकाची ठरली. तिच्यावर ओटावाने टिम श्ट्युट्झ्ले हा गुणी खेळाडू घेतला. आपल्याकडे म्हणतात तसे, पेरायचे बियाणेच खाऊन टाकले.

आता कोणी म्हणेल, पैसे ओतून नवे खेळाडू घ्या. पण या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२३-२४ मध्ये ती ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा तिशी ओलांडलेल्या तिघाचौघांवर गेला की बाकी संघ उभा कशावर करायचा? म्हणजे उरला मार्ग ड्राफ्टचा. खालच्या संघाला वरची निवड, आणि नवख्यांचा पगार सुरुवातीला कमी. २०२२ मध्ये व्यवस्थापक म्हणून आलेल्या माइक ग्रिअर यांनी म्हणूनच डागडुजी थांबवली आणि वाडा उतरवायला घेतला.

पण मी इंजिनिअर, मला शक्यता मोजायची खोड. शेवटच्या संघालाही सोडतीत पहिली निवड मिळण्याची शक्यता साधारण चारात एक. शिवाय निवड मिळाली म्हणजे संघ झाला असेही नाही. बफेलो पाहा. त्यांना २०१८ आणि २०२१ अशी दोनदा पहिली निवड मिळाली, तरी २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम ते बाद फेरीत गेले नाहीत. त्यांनी २०१५ मध्ये निवडलेला जॅक आयकेल कंटाळून लास व्हेगासला गेला आणि तिथे २०२३ मध्ये कप जिंकला. म्हणजे हरायची सवयही लागू शकते.

चिरंजीवांना मी सांगितले, "व्यवस्थापकांनी हरण्याची तयारी ठेवली आहे. पण बर्फावरचा एकही खेळाडू मुद्दाम हरत नाही." ते त्यांना पटलेले दिसले नाही. पण पुढच्याच सामन्यात, ७ नोव्हेंबरला, शार्क्सनी फिलाडेल्फियाला २-१ हरवले. टीव्हीसमोर सोफ्यावर ज्या उड्या झाल्या, त्यातून माझा मुद्दा सिद्ध झाला असे मी धरून चाललो.

खरी परीक्षा मार्च २०२४ मध्ये झाली. टोमाश हर्टल गेला. २०१३ पासून सॅन होजेत खेळणारा, सदा हसतमुख. त्याच्या नावाचा शर्ट आमच्याकडे आहे. आणि गेला तो लास व्हेगासला! चिरंजीवांनी शर्ट घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला. "जो आवडतो तोच जातो," एवढेच म्हणाले. हिशेब म्हणून तो निर्णय चुकीचा नव्हता. हर्टल तिशीत होता आणि करार आणखी सहा वर्षांचा होता. तरी मला त्या रात्री झोप लागली नाही.

कारण त्याच सुमारास मी काम करीत होतो तिथेही 'नवी बांधणी' चालली होती. वीस वर्षांचा जुना प्रोग्राम मोडून नवा लिहायचे ठरले, तेही बरोबरच होते. पण ज्यांनी तो लिहिला त्या पन्नाशीच्या दोघांना आधीच निरोप दिला गेला. सहा महिन्यांनी नवा प्रोग्राम महिनाअखेरीच्या हिशेबाला अडखळू लागला. जुन्यात एक विचित्र ओळ होती, ती का होती हे सांगायला कोणी उरले नव्हते. ती ओळ शोधण्यात माझे तीन शनिवार-रविवार गेले.

शार्क्स २०२३-२४ मध्ये सर्वांत खाली राहिले. मग नशिबाने साथ दिली आणि सोडतीत पहिली निवड मिळाली. मॅकलिन सेलेब्रिनी आला, वय १८. लहानपणी तो इथल्याच ज्युनिअर शार्क्समध्ये खेळला होता. पहिल्याच सामन्यात गोल केला, हंगामात ७० सामन्यांत ६३ गुण मिळवले. संघ २०२४-२५ मध्येही तळालाच राहिला, म्हणजे एका मुलाने संघ होत नाही हेही कळले.

पण मला सर्वांत आवडली ती गोष्ट वेगळीच. त्या पहिल्या हंगामात हा मुलगा राहिला कुठे? जो थॉर्नटनच्या घरी, त्याच्या कुटुंबात! थॉर्नटन म्हणजे शार्क्सचा जुना कर्णधार, वर्षानुवर्षे संघ खांद्यावर वाहिलेला, पण कप न जिंकताच निवृत्त झालेला. नव्या मुलाला त्याच्या घरी जेवताखाताना जे कळले असेल, ते कोणत्याही ड्राफ्टमध्ये मिळत नाही.

तेव्हा माझे मत असे: संघ बुडत असेल तर नवी बांधणी करावी, उगाच गिलावे मारू नयेत. लोकांना तसे उघड सांगावे. मात्र वाडा उतरवताना त्यातल्या माणसांना घराबाहेर काढू नये. नव्याला शिकवणारा एक तरी जुना जवळ हवा.

हा लेख चिरंजीवांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग हर्टलला परत आणणार का?"

ते नाही आणणार, असे मी सांगितले. पण दुसऱ्या दिवशी तो शर्ट कपाटाच्या तळातून वर आलेला दिसला.