थंगमबाईंचे पुस्तक आमच्या घरी



आज आम्ही लिहीत आहोत ते हॉटेलचे शिक्षण देणाऱ्या एका प्राचार्यांविषयी. त्यांचे नाव थंगम फिलिप. जन्म 1921 चा, माणूस केरळचा, नोकरी मुंबईची. आमच्या देवळीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी गेली दोन वर्षे आमच्या घरात त्यांचे नाव आठवड्यातून दोनदा तरी निघते. आमची पुतणी नागपूरच्या एका संस्थेत हॉटेल मॅनेजमेंट शिकते आणि तिच्या पिशवीत बाईंचे पुस्तक असते.

बारावीनंतर तिने या कोर्सचे नाव काढले तेव्हा आमच्या आईने कपाळाला हात लावला. "रांधाले शिकासाठी पैसे भराचे? मंग मी कायले हाओ घरी?" हे हसण्यावारी गेले. थोरल्या भाऊंचे तसे नव्हते. आमचे आजोबा बाजाराच्या दिवशी चहा प्यायचे ते हॉटेलच्या बाहेर उकिडवे बसून. कप वेगळा, तो स्वतःच विसळायचा आणि भिंतीच्या कोनाड्यात ठेवायचा. भाऊ म्हणाले, "ज्या धंद्यानं आपल्याले उंबऱ्याबाहेर बसवलं, त्यात पोरगी घालाची?" त्यावर आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. पोरगी मात्र पुस्तक घेऊन आली. एका वरच्या वर्गातल्या मुलीकडून निम्म्या किमतीत घेतलेले, हळदीचे डाग पडलेले.

'मॉडर्न कुकरी फॉर टीचिंग अँड द ट्रेड' हे त्याचे नाव. पहिल्यांदा निघाले 1965 साली. आम्ही पडलो बी.कॉम., दिवसभर खतावण्या पाहणारे, त्यामुळे पुस्तक उघडताच जीव रमला. तिथे "चिमूटभर", "अंदाजाने" असे काही नाही. चार माणसांना किती आणि शंभर माणसांना किती, हे ग्रॅम-किलोत शेजारी शेजारी मांडलेले. हा स्वयंपाक म्हणजे सरळ जमाखर्चच की!

बाईंनी दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजात गृहविज्ञानाचे शिक्षण घेतले. मुंबईची संस्था 1954 साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने निघाली. या प्रकारची ती देशातली पहिली. आज ती दादरला वीर सावरकर मार्गावर आहे. ते दिवस धान्याच्या टंचाईचे होते. मुनशीबाईंच्या महिला अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' उपाहारगृहे काढली होती, तांदूळ-गहू कमी वापरून पोटभर खाणे मिळावे म्हणून. संस्थेच्या नावात हॉटेलाबरोबर 'पोषण' हा शब्द आहे, तो का, हे त्यावरून ध्यानात येते. थंगमबाई तिथे अनेक वर्षे प्राचार्या होत्या. 1976 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2009 साली त्या गेल्या. चूल फुंकून आयुष्य घालवलेल्या आमच्या आयाबहिणींच्या कामाला कोणी कधी विद्या म्हटले नाही; या बाईंनी ती वर्गात, फळ्यावर आणि परीक्षेत आणली. देशभरची पोरे-पोरी आजही त्या पुस्तकावर शिकतात.

मागच्या वर्षी आमच्या विहाराच्या वर्धापनदिनी भोजनदानाचा हिशेब आमच्याकडे होता. दरवर्षीचे रडगाणे ठरलेले: एकतर भात उरतो नाहीतर शेवटच्या पंगतीला भाजी पुरत नाही. पुतणी सुट्टीला आली होती. तिने कागद मागितला. तीनशे माणसे, माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे तीस किलो. वांगे-आलू कापल्यावर वजनात किती घटतात तेही तिने धरले. तिखट-मीठ मात्र त्याच पटीने वाढवू नका म्हणाली. आमचे म्हातारे आचारीबाबा त्यावर खूश. "हे मले ठाऊक हाये, पण लिहिता नाही ये," म्हणाले आणि तिला मोठ्या गंजाजवळ पाटावर बसवून घेतले. तांदूळ मोजायला तराजू धरून कोण उभे होते म्हणता? आमचे भाऊ. संध्याकाळी एक घमेले भात उरला, तोही पोरांनी संपवला.

आता तिचे हॉटेलातले प्रशिक्षण सुरू आहे. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, पहाटेची पाळी. गेल्या रविवारी भाऊंनी फोनवर विचारले, "तिथं सकाळचा चहा कोण करते?" ती म्हणाली, "या आठवड्यात मीच. दोनशे कप."

भाऊ काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. पुढच्या वर्षाची फी जुलैत भरायची आहे. जामीनदार म्हणून आमची सही हवी होती.