चिठ्ठीखालचा माणूस

मावशी पुण्याहून आली तेव्हा तिच्या बॅगेत भडंग होतं, मेतकूट होतं आणि साडीच्या घडीत जपून गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. 'इरू'. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं हे इंग्रजी चरित्र 2024 साली आलं. उर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा या दोघांनी मिळून ते लिहिलंय. उर्मिला या इरावतीबाईंच्या नात, लेखिका गौरी देशपांडे यांच्या कन्या. थियागो हे बर्लिन आणि पुणे यांच्यामधल्या मानववंशशास्त्राच्या धाग्यांवर संशोधन केलेले अभ्यासक. पुस्तक माझ्या हातात देताना मावशी म्हणाली, "यात तुझ्या गावातलं बरंच आहे. जाऊन बघ आणि मला सांग."

माझं गाव म्हणजे बर्लिन. इथे येऊन चौदा वर्षं झाली. आम्हा मराठी वाचकांना इरावतीबाई भेटतात त्या 'युगान्त' या महाभारतावरच्या पुस्तकातून. मलाही त्या तिथेच भेटल्या होत्या. त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट केली, एवढं एक वाक्य मला माहीत होतं. पण त्या जिथे शिकल्या ती इमारत माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे आणि तिच्या दारावरून मी कितीतरी वेळा गेले आहे, हे पुस्तक वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

एका शनिवारी पुस्तक पिशवीत टाकून डालेमला गेले. यू-बानच्या तीन नंबरच्या मार्गावर फ्राये युनिव्हर्सिटेटचं स्टेशन आहे. तिथून चालत पाच-सात मिनिटांत इनेश्ट्रासे 22. झाडांची सावली, सायकली, कॉफीचे पेले घेऊन बसलेली मुलं. आज तिथे राज्यशास्त्र शिकवतात. 1927 मध्ये ही इमारत उभी राहिली ती मात्र मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि युजेनिक्स यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेसाठी. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर. 1908 मध्ये आफ्रिकेतल्या रेहोबोथ इथे मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन त्यांनी नाव कमावलं होतं. त्याच सुमारास, त्याच जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. तो वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने मान्य केलं 2021 साली.

1928 मध्ये विशीतली इरू इथे आली. सासरे महर्षी कर्वे यांना तिचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा दिनकर स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला, तो पाठीशी उभा राहिला. काँग्रेस नेते जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं. फिशर यांनी तिला विषय दिला मानवी कवटीच्या असमतोलाचा. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू अगदी सारख्या नसतात. हा फरक गोऱ्या युरोपीय लोकांत वेगळा असतो, आणि त्यात त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण सापडते, अशी फिशर यांची धारणा होती. इरूच्या पुढ्यात 149 कवट्या आल्या. त्यांतल्या कितीतरी वसाहतींतून उचलून आणलेल्या. प्रत्येकीवर कुठल्या वंशाची, कुठल्या मुलखातली, याची चिठ्ठी.

ती मोजत राहिली. मोजून झाल्यावर तिने लिहिलं, की असमतोल सगळ्यांच्या कवट्यांत आहे आणि त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

हे वाक्य मी त्या इमारतीसमोरच्या कठड्यावर बसून परत परत वाचलं. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्ज काढून आलेली मुलगी. पदवी ज्यांच्या हातात, त्यांचंच मत खोडून काढणारा निष्कर्ष. फिशर यांनी तिला गुण देताना हात आखडला, असं चरित्रकार सांगतात. पण पदवी मिळाली. 1930 मध्ये ती पुण्याला परतली. तीन वर्षांनी, 10 मे 1933 च्या रात्री, ज्या विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली त्याच्यासमोरच्या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. त्याच वर्षी फिशर त्या विद्यापीठाचे रेक्टर झाले. पुढे महायुद्धाच्या काळात आउशविट्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले ज्या संस्थेला मानवी अवशेष पाठवत होता, ती हीच डालेमची संस्था.

2014 मध्ये या परिसरात, फ्राये युनिव्हर्सिटेटच्या ग्रंथालयाचं काम चालू असताना, जमिनीत हाडं सापडली. नंतर पुरातत्त्वाच्या रीतीने उत्खनन झालं, तेव्हा सुमारे 16,000 तुकडे निघाले. किमान 54 माणसांचे. काहींवर जुन्या डिंकाचे आणि चिठ्ठ्यांचे अंश होते, म्हणजे ती कुठल्यातरी संग्रहातली होती. कोण होती ही माणसं? आफ्रिकेतली? आउशविट्झमधली? आजचं विज्ञान अशा हाडांतून बरंच काही काढू शकतं. पण ज्यू, सिंती आणि रोमा, आफ्रिकी वंशाचे लोक, अशा समूहांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं, की आणखी चाचण्या करायच्या नाहीत. वंशाच्या नावाखाली ज्यांची हाडं गोळा केली, त्यांची पुन्हा एकदा वंशावर वाटणी करायची नाही. मार्च 2023 मध्ये ती सगळी हाडं डालेमच्या वनदफनभूमीत एकत्र पुरली. त्या कबरीत कुणाचंही नाव वेगळं नाही आणि कुणावरही चिठ्ठी नाही.

मला या दोन गोष्टी एकाच परिसरात घडल्या याचं फार वाटतं. एका मुलीने मोजलं आणि चिठ्ठी खोटी आहे असं सांगितलं. नव्वद वर्षांनी काही शहाण्या माणसांनी मोजायचंच नाकारलं. दोन्हींना धैर्य लागतं. पहिल्यात गुरूला नाही म्हणायचं असतं, दुसऱ्यात स्वतःच्या कुतूहलाला.

याच सुमारास मी व्हिक्टर क्लेम्पेरर यांचं 'एलटीआय' पुन्हा हाती घेतलं होतं. 1947 मध्ये आलेलं हे पुस्तक नाझींच्या भाषेबद्दल आहे. क्लेम्पेरर ड्रेस्डेनला फ्रेंच आणि इतर रोमान्स भाषांच्या साहित्याचे प्राध्यापक होते. ज्यू म्हणून 1935 मध्ये नोकरी गेली, मग ग्रंथालयाचं दार बंद झालं. हातात उरली ती रोजनिशी. त्यात ते शब्द टिपत राहिले: वर्तमानपत्रातले, रेडिओवरचे, शेजाऱ्यांच्या तोंडचे. विष एकदम चढत नाही, रोजच्या बोलण्यातून थोडंथोडं पोटात जातं, हे त्या टिपणांतून कळत जातं. नाझी राजवटीच्या बारा वर्षांतला सर्वांत वाईट दिवस म्हणून त्यांनी 19 सप्टेंबर 1941 ची नोंद केली आहे. त्या दिवसापासून ज्यूंना छातीवर पिवळा तारा शिवून बाहेर पडावं लागलं. घरदार, पद, पुस्तकं गेली त्या दिवसांपेक्षाही चिठ्ठी अंगावर चिकटली तो दिवस त्यांना वाईट वाटला.

क्लेम्पेररांनी लावलेली सवय या देशात टिकून आहे, याचा मला आधार वाटतो. 1991 पासून इथे भाषाअभ्यासकांची एक समिती दरवर्षी वर्षातला 'अशब्द' निवडते. सभ्य दिसणारा आणि आत माणुसकीला मारणारा शब्द. 2023 सालासाठी त्यांनी 'रेमिग्रेशन' निवडला. शब्दशः अर्थ परत जाणं. उजव्या गटांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ परकीय मुळाच्या लोकांना देशाबाहेर घालवणं असा होतो. पॉट्सडामजवळच्या एका गुप्त बैठकीत याची चर्चा झाल्याची बातमी जानेवारी 2024 मध्ये फुटली आणि लोक रस्त्यावर उतरले. 3 फेब्रुवारीला राइशटागसमोर पोलिसांच्या हिशेबाने दीड लाख माणसं होती. त्यांत मी होते, माझा नवरा होता, आणि आमची आठ वर्षांची मुलगी त्याच्या खांद्यावर होती. "आपल्याला जावं लागणार का?" असं तिने त्या आठवड्यात विचारलं होतं. ती इथेच जन्मली. कुठे परत जाणार?

त्यानंतर एका वर्षाने, 23 फेब्रुवारी 2025 ला, मी या देशात पहिल्यांदा मतदान केलं. अल्टरनाटिव्हं फ्युर डॉइचलांट या अतिउजव्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी माणसं मोजायला लागले. दर पाचातलं एक. मग स्वतःलाच थांबवलं. चेहऱ्यावरून मत ओळखणं हीसुद्धा चिठ्ठीच.

अशा दिवसांत मी ग्रंथालयात जाते. हालेशेस टोअरजवळचं आमचं अमेरिका गेडेंक बिब्लिओटेक. 1948-49 मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली आणि विमानांनी शहराला धान्य-कोळसा पुरवला. त्या आठवणीत अमेरिकेने दिलेल्या पैशांतून 1954 साली हे ग्रंथालय उघडलं. पुस्तकं खुल्या फळ्यांवर, कुणीही जावं आणि हाताने काढून बघावं, ही रीत तेव्हा या देशाला नवी होती. वर्षाला थोडीशी वर्गणी भरली की सगळ्या शहराची सार्वजनिक ग्रंथालयं तुमची. नवीन आले तेव्हा, निवासाच्या नोंदणीनंतर माझ्या नावाचं पहिलं कार्ड मला मिळालं ते या ग्रंथालयाचं. तिथे मी कुठून आले हे कुणी विचारलं नाही. कुठलं पुस्तक हवंय, एवढंच विचारलं.

याच ग्रंथालयाच्या कुटुंबात एक जखम आहे. 1943 मध्ये तेव्हाच्या शहर ग्रंथालयाने पालिकेच्या तारणगृहाकडून 40,000 हून अधिक पुस्तकं विकत घेतली. छळछावण्यांकडे नेलेल्या ज्यूंच्या घरांतली ती पुस्तकं. नोंदवहीत त्यांच्यासाठी 'जे' हे अक्षर होतं, ज्यू या अर्थी. युद्ध संपलं तरी ती फळ्यांवर राहिली, वाचकांच्या हातांतून फिरत राहिली. आता ग्रंथपाल एकेक पुस्तक उघडून बघतात. पहिल्या पानावरची सही, शिक्का, वाढदिवसाची शुभेच्छा, पेन्सिलीने लिहिलेलं एखादं आडनाव. त्यावरून वारस शोधतात आणि पुस्तक परत करतात. एका मुलाला त्याच्या शिक्षकाने 1937 च्या हनुकाला दिलेलं गोष्टींचं पुस्तक असंच सापडलं. तो मुलगा छावणीतून वाचला होता, अमेरिकेत म्हातारा झाला होता. पुस्तक त्याच्याकडे पोचलं.

हे काम संथ आहे, खर्चाचं आहे, आणि त्यातून मिरवण्यासारखं काही हाती लागत नाही. 2025 साठी बर्लिनने संस्कृतीच्या अंदाजपत्रकातून सुमारे 13 कोटी युरो कापले. नाटकवाले, संगीतवाले रस्त्यावर आले, मीही गेले. पैसा कमी आहे हे मला समजतं. पण शहराने स्वतःची फळी तपासायची थांबवली, तर 'जे' हे अक्षर तिथेच राहील आणि आत लिहिलेलं नाव कुणी वाचणार नाही.

'इरू' मला आवडलं त्याचं आणखी एक कारण आहे. चरित्रकार इरावतीबाईंची आरती करत नाहीत. डालेमला वंशाचा सिद्धांत खोडणारी हीच बाई मोजमापाची हत्यारं घेऊन घरी आली आणि महाराष्ट्रात जातीजातींतली माणसं मोजत हिंडली. त्यांतून तिने महत्त्वाचं काही सांगितलं: एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती एका मुळाच्या असतातच असं नाही. तरी माणूस मोजून जात सांगता येते का, हा प्रश्न मागे उरतोच. जिने एक चिठ्ठी सोलून काढली, तिच्या हातातही दुसऱ्या चिठ्ठ्या होत्या. हे वाचताना मला इरावतीबाई लहान वाटल्या नाहीत. आपल्याला काय करायचं राहिलंय, ते दिसलं.

कारण इथे, महाराष्ट्रापासून सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर, आमच्या गणपतीत नवं जोडपं आलं की पहिला प्रश्न असतो, "मूळचे कुठले?" आणि दुसरा, "आडनाव काय?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते, मला ठाऊक आहे. मीही वर्षानुवर्षं विचारत आले. पण आडनाव ऐकून आपण जे मनात लिहितो, ती चिठ्ठीच असते. समोरच्याला ती कळते. आडनाव सांगताना एखाद्याचा आवाज खाली जातो, तेव्हा तर नक्कीच कळते. सरकारी फॉर्मवरच्या 'स्थलांतरित पार्श्वभूमी' या रकान्याने मला जे वाटतं, तेच मी दुसऱ्याला देत होते.

मावशी परत जायच्या आदल्या दिवशी तिला इनेश्ट्रासेवर घेऊन गेले. 2024 पासून तिथे त्या संस्थेचा इतिहास मांडणारं स्मृतिस्थळ आहे. मावशी फलकांपुढे उभी राहिली, मी वाचून अर्थ सांगत गेले. मुलगी बरोबर होती. तिने विचारलं, "ही इरू कुठली?" मावशी म्हणाली, "ब्रह्मदेशात जन्मली, तिथल्या नदीवरून नाव ठेवलं. पुण्यात वाढली. इथे शिकली." मुलगी म्हणाली, "मग कुठली?" मावशी जरा थांबली आणि म्हणाली, "तिची पुस्तकं वाच, मग तूच सांग."

या वर्षी गणपतीला एक तरुण जोडपं पहिल्यांदाच आलं. प्रसादाचं ताट पुढे करताना जिभेवर तोच जुना प्रश्न आला होता. तो गिळला आणि विचारलं, "वाचायला काय आवडतं तुम्हाला?" त्यातली तरुणी आधी गोंधळली, मग तिचा चेहरा उजळला. रात्री मंडप आवरेपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो. तिचं आडनाव मला अजून माहीत नाही. 'इरू' सध्या तिच्याकडे आहे.