मेस्त्रींची बाकी

आमच्या देवबागात आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणारे एक मेस्त्री होते. गिऱ्हाईक आपल्याकडे परत येऊ नये म्हणून इतकी खटपट करणारा दुसरा कारागीर मी पाहिलेला नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, ते त्यांना आवडलं नसतं. गाव त्यांना नुसतं मेस्त्री म्हणे, मीही तेच म्हणतो.

वडील गेले तेव्हा मी कुडाळला एका पेढीवर हिशेब लिहीत होतो. वारशात फायबरची होडी आली, तिच्यामागचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आलं, पत्र्याची पेट्रोल टाकी आली आणि सोसायटीचं कर्जही आलं. होडी विकून मोकळं व्हावं, असं सगळ्या भावकीचं मत. गिऱ्हाईकही मिळालं होतं, पण इंजिन संगमावर दगा देतं म्हणून ते निम्म्याच किमतीवर अडून बसलं होतं. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला दोन्ही पाणी मिळतात, तिथे वाळू साचून लाटा फुटतात. आमचं इंजिन खाडीत गोडीत चालायचं आणि संगमावर जोर लावायची वेळ आली की दोन आचके देऊन गप्प व्हायचं. कुणी म्हणालं पिस्टन गेला, कुणी म्हणालं कॉइल. एकाने तर नव्या कार्बोरेटरचा खर्चही कागदावर मांडून दिला.

मेस्त्री न बोलावता आले. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "पेट्रोल खंयचा?" दुसरा, "धावताना गोळो चपटो होता काय?"

टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीत एक रबरी गोळा असतो. इंजिन सुरू करण्याआधी तो दाबून दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. पुढचं सगळं भरलं की गोळा कच्च्या कैरीसारखा टणक लागतो. चालत्या इंजिनात तो चपटा पडायला लागला तर समजायचं की इंजिन पेट्रोल ओढतंय, पण टाकीकडून येत नाही. आमचा चपटा होत होता. म्हणजे दोष इंजिनात नव्हताच.

मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः उलट्या क्रेटवर बसून पान लावायला घेतलं. हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या हातात पाना! मी त्यांच्याकडे बघत राहिलो तर म्हणाले, "बगतंस काय, खोल." आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला. तो बंद असला तरी असंच होतं. तो उघडा होता. मग टाकीत उतरणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी काढली. गंजाने आणि जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने ती निम्मीअधिक बुजलेली. मग पाणी वेगळं करणारा डबाफिल्टर सोडवला आणि त्यातलं सगळं काचेच्या बाटलीत ओतलं. "आता थांब जरा," ते म्हणाले. थोड्या वेळाने बाटलीत तीन थर दिसायला लागले. वर ऑइलमुळे रंगलेलं पेट्रोल, त्याखाली स्वच्छ पाणी आणि तळाला गंजाचा चुरा.

इंजिन नेमकं संगमावरच का मरतं, हे मला त्या बाटलीने सांगितलं. खाडीत टाकी फारशी हलत नाही, घाण तळाशी निजलेली असते. लाटांवर टाकी हिंदकळली की घाण उठते, जाळीवर आणि फिल्टरवर जाऊन बसते. आणि त्याच वेळी इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं. टू-स्ट्रोकमध्ये तर दुहेरी मार. आमच्या इंजिनाला लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे, वंगणाची दुसरी सोय नाही. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, सिलिंडर तापतो आणि इंजिन सीझ होतं. फिल्टरचे पैसे वाचवायला जाऊन पिस्टनचे पैसे भरलेले बोटवाले मी नंतर पुष्कळ पाहिले.

नवा फिल्टर बसवताना मात्र पाना त्यांनी परत मागून घेतला. रबरी कडीला बोटाने ऑइलचा हात फिरवायचा आणि डबा हातानेच घट्ट करायचा. पान्याने आवळला की पुढच्या वेळी निघत नाही. गोळ्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. गोळा टणक झाला की लगेच चालू करायचं नाही, प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवून वास घ्यायचा. आणि मग डब्यावर मार्करने तारीख घालायची. जुना फिल्टर फेकायच्या आधी त्यातलं बाटलीत ओतून पाहायचं, हा त्यांचा हट्ट. "आदी वाच, मगे टाक," ते म्हणत. त्यांना स्वतःला वाचायला जेमतेमच येई.

होडी मी विकली नाही. पेढी सोडली.

पुढे बरीच वर्षं, मासेमारी बंदीच्या, म्हणजे १ जूनच्या आधी मेस्त्रींची एक फेरी ठरलेली असे. कुणी बोलावलेलं नसताना ते घरोघरच्या पडवीत जाऊन टाक्या हलवून बघत. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर ठेवली तर आतल्या दमट हवेचं पाणी पत्र्यावर धरतं आणि तळाशी उतरतं. म्हणून टाकी रिकामी करून कोरडी करायची. इंजिन गोड्या पाण्यावर चालवायचं, पेट्रोलची नळी काढून घ्यायची आणि कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. ३१ जुलैनंतर होडी पाण्यात घालताना फिल्टर नवा. मधे दर १०० तासांनी बदलायचा. आमच्या पाण्यात त्याहून लवकर बदललेला बरा.

हे सगळं ते फुकट सांगत. साधुपणा वगैरे काही नव्हता. खरी दुरुस्ती आली की मजुरी पैशाला पैसा मोजून घेत आणि वर शिव्या देत. बाजारातले दुसरे कारागीर फिल्टर बदलण्यालाही 'सर्व्हिसिंग' म्हणून दाबून पैसे लावत. मेस्त्रींनी मात्र ते काम गावातल्या पोराटोरांच्या हातात देऊन टाकलं आणि आपलं निम्मं उत्पन्न घालवलं. असं का करता, म्हणून मी एकदा विचारलंही. "इंजिन दर्यात बंद पडला की फोन माकाच येता," ते म्हणाले. "माका रातची झोप व्हयी."

२०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, तेव्हा मेस्त्री थकले होते, तरी काठी टेकत जेटीवर येऊन सगळ्यांच्या नळ्या तपासायला बसले. इथेनॉल पाणी ओढून घेतं. काही मर्यादेपर्यंत हे पाणी पेट्रोलात विरघळून राहतं, दिसत नाही, फिल्टरलाही अडवता येत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल जोडीने तळाला बसतात, आणि त्या थरात टू-स्ट्रोकचं ऑइल राहत नाही. शिवाय जुन्या टाकीतला चिकट थर इथेनॉलने सुटतो आणि सगळा फिल्टरवर येऊन बसतो. मेस्त्रींनी मला दोन गोष्टी बजावल्या. लागेल तेवढंच पेट्रोल आण, साठवू नको. आणि जुन्या रबरी नळ्या फेक. धोरणाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. "गाडी बंद पडली तर मानूस खाली उतरता. हय उतरान खंय जातलंस?"

माझं नवं इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याच्या फिल्टरला पारदर्शक वाटी आहे आणि वाटीत एक लाल कडी. कडी तळाला असली की ठीक. पाणी आलं की ती त्यावर तरंगते. मेस्त्रींनी ती बराच वेळ न्याहाळली आणि "बरी आसा" म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

हिशेबाची सवय सुटत नाही, म्हणून वडिलांची जुनी वही मी ओळीओळीने तपासली होती. तिच्यात एक नोंद निघाली: मेस्त्री, कॉइल, इम्पेलर, मजुरी, बाकी. पुढे कुठेही जमा नाही. म्हणजे ज्या घराकडून येणं होतं, त्याच घरच्या पोराला हा माणूस बोलावणं नसताना शिकवायला आला होता. मी पैसे घेऊन गेलो. त्यांनी वही पाहिली, पैसे माझ्याच खिशात कोंबले. "ती बाकी तुझ्या बापाशीची. ती त्येच्याकडसूनच घेवची आसा." आता दोघेही नाहीत. नोंद मी खोडलेली नाही.

तारकर्ली-देवबागला येणाऱ्यांना एक विनंती आहे. लाइफ जॅकेट घालाच, पण बोटीत बसण्याआधी मागे इंजिनाशेजारच्या फिल्टरवरही नजर टाका. त्यावर मार्करने लिहिलेली तारीख नसेल तर चालकाला विचारा. त्याला राग आला तर दुसरी बोट बघा.