बुखारीची काजळी

लडाखला पहिल्यांदा पोस्टिंग आली की नव्या माणसाला तीन गोष्टी बजावून सांगतात. सावकाश चाल, पाणी पीत राहा आणि बुखारी सांभाळ. पहिल्या दोन लगेच पटतात. तिसरी हिवाळ्यात कळते.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बुखारी म्हणजे पत्र्याची उभी, गोल शेगडी. पोटात लाकूड नाहीतर रॉकेल जळतं आणि वरून निघालेला पाइप धूर खोलीबाहेर नेतो. बाहेर उणे वीस असलं तरी आत स्वेटरवर बसता येतं. मोजे तिच्याभोवती वाळतात, चहा तिच्यावर उकळतो आणि गावाकडच्या गप्पाही तिच्याच भोवती रंगतात.

आपल्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो. जास्तच कोंडला तर डोळे चुरचुरतात, आई फुंकणी खाली ठेवून दार उघडते. इथे थंडी अडवायला एकूण एक फट आपणच बुजवलेली असते. धुराला वाट एकच, पाइप. ती काजळीने किंवा बर्फाने अडली की अर्धवट जळणातून होणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. झोपेतल्या माणसाला तर कळतही नाही.

त्यात उंचीवर आणखी एक फसवणूक आहे. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही उंची बाधल्याचीही लक्षणं आणि या वायूचीही. एका वादळानंतर आमच्या खोलीतल्या तिघांचं डोकं एकाच सकाळी धरलं. नर्सिंग असिस्टंटने एवढंच विचारलं, "बाहेर गेल्यावर बरं वाटतं का?" वाटत होतं. वर जाऊन पाहिलं तर पाइपच्या टोपीवर बर्फ थिजून बसला होता. तिघांना मोकळ्या हवेत बसवलं, ऑक्सिजन दिला, डॉक्टरांना दाखवलं. तेव्हापासून तो प्रश्न मी प्रत्येक नव्या जवानाला शिकवतो. एका खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकदमच दुखलं, तर आधी बाहेर पडा आणि मग बुखारीकडे बघा.

सफाई आम्हाला एका गढवाली हवालदाराने शिकवली. बुखारी पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. राख रोज काढायची, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरायची आणि डबा बाहेर ठेवायचा. राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो आणि धूर न करता तोच वायू सोडतो. पाइपला टिचकी मारायची. टणटणला तर साफ, भदभदला तर उतरवायचा. मग दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. ओलं लाकूड जाळलं असेल तर आत डांबरासारखा थर बसतो, तो खरवडावा लागतो. हाच थर पेटला तर पाइपलाच आग लागते.

रॉकेलची बुखारी आणखी लहरी. विझल्यावर आत रॉकेल साठलेलं असताना गरम भांड्यात काडी टाकली तर भडका तोंडावर येतो. आधी नळ बंद, भांडं थंड, रॉकेल पुसून कोरडं, तळाची काजळी खरवडलेली, मगच काडी. असे भडके आणि हा वायू यांत जवान जाऊ नयेत म्हणूनच डीआरडीओने 'हिम तापक' हे उपकरण बनवलं.

पण यंत्र कोणतंही असो, झोपण्यापूर्वी आग विझवणं आणि हवेला एक फट ठेवणं हे माणसाचंच काम. रात्रीच्या संत्र्याने खोलीत डोकावून एखाद्याला हाक मारणं हीसुद्धा पहाऱ्याइतकीच ड्यूटी आहे.

हे फक्त बर्फातलं नाही, मंडळी. आपल्या शहरांत बंद बाथरूममधला गॅस गीझरही हाच वायू सोडतो आणि तिथेही माणसं गेली आहेत. आज घरी कुणी अंघोळीला जाईल तेव्हा बाथरूमची खिडकी उघडी आहे ना, एवढं बघा.

जय हिंद.